पहाटे साडेतीनची चावी

ही चावी खिशात मावणारी नव्हे.
चार फूट लोखंड, वर आडवा दांडा.
सायकलला बांधून नेतो,
डिचोलीची कुत्रीसुद्धा आता भुंकत नाहीत.

सतरा फेरे डावीकडे, सुंदरपेठ.
बोर्ड्याला बावीस, आणि वर अर्धा,
कारण पुढे चढ आहे, आणि चढावर
पाणीही दम घेत घेत जातं.
हे कुठल्या वहीत नाही.
सोनू मांद्रेकर निवृत्त झाला त्या दिवशी
चहात बोट बुडवून
त्यानं टेबलावर सगळी लाईन काढून दाखवली.
पुसायला फडकं आलं
तोवर माझी पाठ झाली होती.

मी दोन वर्षांसाठी आलो होतो.
पासपोर्ट तयार. मावसभाऊ तारवावर,
फोटो पाठवायचा: मागे निळं, खाली पांढरं,
मध्ये तो, इस्त्रीच्या शर्टात.
त्याची आठवड्याची टीप म्हणजे माझा पगार.
कुणी विचारलं तर मी सांगायचो, "पाणी खात्यात."
पुढचं विचारू नये म्हणून
लगेच त्यांच्या मुलांची चौकशी करायचो.

फोन येतो तो पाणी नसलं की.
आलं, असं सांगायला
एकोणीस वर्षांत कुणी फोन केलेला नाही.

चवथीच्या आदल्या रात्री मोठी नळवाहिनी फुटली.
कमरेपर्यंत चिखल, टॉर्च दातांत,
काठावर नव्या इंजिनियर बाई
चप्पल हातात घेऊन उभ्या.
जोडलं तेव्हा पाच वाजले होते.
चावी फिरवली, झाकणावर कान ठेवला.
आधी नुसती हवा, म्हाताऱ्यासारखी खोकणारी.
मग लांब कुठेतरी खडा घरंगळला.
मग काहीच नाही.
बाईंनी काही विचारायला तोंड उघडलं,
मी हात वर केला. (साहेबाला हात वर केला!)
आणि समोरच्या काळोख्या घरात
रात्रभर उघडा राहिलेला नळ
तांब्याच्या हंड्यात बोलू लागला.
"आयलें गे!" आतून एक बाई ओरडली.
ती मला सांगत नव्हती, सुनेला सांगत होती.
मी मात्र ते घेऊन टाकलं.
कुणाला कळलंही नाही.

पासपोर्टची मुदत कधी संपली, आठवत नाही.
कपाटात आहे, त्यात विजेची बिलं ठेवतो.
समाधान वगैरे शब्द मी वापरत नाही,
पगारवाढीचा अर्ज अजून दर वर्षी देतो,
खांदा दुखतो, थंडीत जास्तच.

माझं घर लाईनीच्या अगदी शेवटी.
काम संपवून निघालो की
पाण्याआधी मी पोचतो.
बायको रिकामी बादली लावून बसलेली,
बाहेर पोदेराचा भोंगा.
"सोडलंस ना?" ती विचारते.
मी बूट काढता काढता म्हणतो,
"बोर्ड्याच्या चढावर असेल आता.
चहा ठेव.
येईलच."