लॉट नंबर एकेचाळीस

उद्यमनगरात अडतीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न केले,
पंपाच्या बॉडीचे, फ्लायव्हीलचे, चरकाच्या दातांचे.
आमचं लाकूड वाळूत दाबायचं, अलगद काढून घ्यायचं,
उरलेल्या खड्ड्यात लोखंड ओतायचं.
लोखंड गिऱ्हाईकाचं, पॅटर्न माळ्यावर.
त्यामुळं असेल,
रिकाम्या जागेची किंमत मला लवकर कळली.

पहिली फणेरपेटी कपिलतीर्थाच्या मागं,
दस्तगीर बागवानाच्या गाड्यावर, वजनांच्या खाली दबलेली.
"साठ रुपये. आतलं मेण फुकट."
मेण खरंच होतं,
त्यात कुणाच्या तरी करंगळीचा ठसा.

मग नादच लागला.
आजरा, गडहिंग्लज, कागलचा बाजार.
निपाणीला एका लग्नाला गेलो
आणि अक्षता पडायच्या आधीच
पेटी काखेत मारून एस.टी. धरली.
बायको म्हणायची,
कपाळ एक, पेट्या सव्वीस.

आता मुंबईचा लिलाववाला आलाय, शेर्लेकर.
पांढरे हातमोजे, डोळ्याला भिंग.
चहा नको म्हणाला, रंगाला वाफ लागते.
पेटी धरतो मात्र बरी,
नुकतीच पाजळलेली पटाशी धरावी तशी.

झाकणावर दोन पोपट, मध्ये केळ.
"डावा अस्सल," तो म्हणतो. "शेपटीची रेघ बघा,
एका दमात मारलीय. सव्वाशे वर्षं तरी.
उजवा मागाहून कुणीतरी गिरवलाय, हात चाचरलाय.
तरी दोन लाखांपासून बोली लावू.
डाव्याच्या जिवावर."

समोरच्या शेडात लेथ चालू आहे.
मी तिकडंच बघतो.

डावा पोपट महिपती पेंटरचा.
सत्याऐंशी साली पेटी फळीवरून पडली,
अख्ख्या पोपटाचा टवका उडाला.
ट्रकच्या पाठीवर मोर काढून झाला होता,
डब्याच्या तळाशी हिरवा उरला होता, त्यातला हा.
एका दमात मारली रेघ, हे खरं,
तोंडात पान होतं, हेही.
मग मीच वरून लाखेचा हात दिला,
महिनाभर बंबाच्या धुरात टांगली.
फसवायला नाही,
जोडीला जोड दिसावी म्हणून.
मजुरी घेतली नाही त्यानं.
पाऊण इंची पटाशी मागून नेली,
ती आजतागायत परत आली नाही.

उजवा मूळचा.
काढणारा म्हातारा असेल, नवशिका असेल,
किंवा दिवेलागण झाली असेल आणि काम उरकायचं असेल.

फ्लेक्स आल्यावर महिपतीनं आपले ब्रश
खिडकीच्या फटीत ठोकले, वारा येतो म्हणून.
आता रविवारी लक्ष्मीपुरीत लसूण विकतो.

बोललो तर पेटी वीस-पंचवीस हजारांवर येणार.
नाही बोललो तर गुळगुळीत कागदावर
लॉट नंबर एकेचाळीस, चित्रकार अज्ञात,
आणि महिपतीला कळणारसुद्धा नाही
की त्याच्या हाताला कुणीतरी भिंग लावून
अस्सल म्हटलं होतं.

"काढणाऱ्याबद्दल काही माहिती?"
शेर्लेकर पेन उघडतो, सवयीनं.

"आहे," मी म्हणतो. "आज रविवारच आहे.
एकपर्यंत बसतो तो. चालत गेलो तर दहा मिनिटं."

तो माझ्याकडं बघतो, मग डाव्या पोपटाकडं.
नखानं, अगदी हलकं, शेपटी खरवडावी का, असा थांबतो.
मग एक हातमोजा काढतो.

दुसरा तसाच ठेवतो.