दंडावरची पट्टी

फहाहीलच्या मागल्या गल्लीत माझं दुकान,
शेजारी चष्मेवाला, पलीकडे मासळीबाजार.
एसीचं पाणी बादलीत टपटपतं, तिथेच मशीन.
हेडविगबाई आल्या पँट आखूड करून घ्यायला
आणि पर्समधून त्यांनी फोटो काढला,
बिस्किटाच्या पुठ्ठ्यात जपलेला.

"कपडे शिवतोस, म्हणजे वाचताही येत असतील.
हे माझे आजोबा. बंदूकवाले की स्ट्रेचरवाले, बघ."

मागे पेन्सिलीनं १९१६. गावाचं नाव घामानं खाल्लेलं.
पाच माणसं, एक कुत्रं,
भिंतीला टेकवलेलं स्ट्रेचर.
आजोबा डावीकडून दुसरे, कुत्र्याकडे बघणारे.

जर्मन मला येत नाही.
पण काज कुठल्याही मुलखात आडवं किंवा उभंच असतं.
मी टेबलावरचा कचरा झटकला, भिंग धरलं.

चौघांची बटणं पट्टीखाली दडलेली, यांची उघडी.
चौघांच्या टोपीवर दोन साध्या टिकल्या,
यांच्या खालच्या टिकलीत बारीकसा क्रूस.
खांद्यावर पलटणीचा आकडा नाही.
दंडावर पांढरी पट्टी, तिच्यावर काळा क्रूस.
काळा कसा?
बाई म्हणाल्या, त्या वेळच्या काचेवर
लाल काळा उतरायचा आणि निळा पांढुरका.
म्हणजे स्ट्रेचरवरचा तो काळा डाग...
"चिखल असेल," मी म्हणालो.
"असेल," त्या म्हणाल्या.

पट्टीच्या कडेला अर्धवट शिक्का. सरकारी.
बाईंचा चेहरा सैलावला. स्वयंसेवक तर!
घरी सगळे हेच सांगत आले होते,
आजोबांनी बंदुकीला हात लावला नाही.

मी तिथेच थांबायला हवं होतं.
पण डोळ्याला खोड असते,
चाळीस वर्षं मापं घेतलेल्या डोळ्याला तर जास्तच.
खांद्याची शिवण दंडावर दोन बोटं उतरलेली.
बाही आत दुमडून घातलेली, धावदोऱ्यानं, घाईत.
आणि खांद्याशी, मानेजवळ,
दोऱ्याचा एक रिकामा फास,
ज्यात कधीतरी आकड्याची पट्टी अडकत असणार.

"कोट यांच्या मापाचा नाही," मी म्हणालो. "आणि आधी सैनिकाचा होता."
"आजोबा सैनिक होते?"
"कोट होता."
"मग तो सैनिक कुठे गेला?"

मशीनच्या दिव्याभोवती एक चिलट फिरत राहिलं.

बाईंना मी सांगितलं नाही:
नव्वदच्या ऑगस्टमध्ये, इस्पितळाच्या तळघरात,
सिस्टर एलीकुट्टीनं आणलेल्या चादरीच्या
मी बत्तीस पट्ट्या कापल्या होत्या, बत्तीस चंद्रकोरी टाचल्या.
एकोणिसाव्या पट्टीला लाल कापड संपलं.
पुढच्या सगळ्या कोरी
कुणाच्या तरी शाळेच्या ब्लेझरच्या अस्तराच्या, जांभळट.
एक माझ्याच दंडावर चढली,
अंगात कुणा मिसरी वॉर्डबॉयचा कोट,
खिशावर त्याचं नाव उजवीकडून डावीकडे.
तो कधीच परत आला नाही, की त्याला दुसरा कोट मिळाला,
मी विचारलं नाही.
सात आठवडे स्ट्रेचर धरलं. एकदा,
फक्त एकदा, खाली ठेवून पळालो.

त्याचाही फोटो आहे, वेंगुर्ल्याला, लोखंडी ट्रंकेत.
रंगीत आहे, पण फ्लॅशमुळे
कोरीचा रंग नीट कळत नाही.

बाईंनी भिंग परत दिलं, फोटो पुठ्ठ्यात सरकवला.
"किती झाले?"
अर्धा दिनार. पँट उद्या संध्याकाळी.

रात्री शटर अर्धं ओढून मी तिची पँट घेतली.
दीड इंच कमी करायची होती.
कापड कापलं नाही.
सगळंच्या सगळं आत दुमडलं, हातानं तुरपाई केली,
पुढे कधी कुणाला उसवून बघावंसं वाटलं, तर आत असावं.