शिकाऊ

नोव्हेंबरपासून नेरिस पहाटे चारला निघते.
सव्वाशे सीसीची गाडी, मागे लाल ‘एल’,
हातमोज्यांत आणखी हातमोजे.
ब्रेकनच्या उतारावर डांबराच्याच रंगाचा बर्फ;
तो आधी मांड्यांना कळतो, डोळ्यांना नंतर.

बेकरीत पोचली की बोटं
भट्टीच्या दारापाशी धरते.
मुंग्या येतात, ठणकतात,
मग कुठे ती तिची होतात.

फेब्रुवारीत परीक्षा.
परीक्षक प्रॉसर नाक पुसत म्हणाले, “वळवा.”
रस्त्याच्या रुंदीत, पाय न टेकता.
मेंढ्यांनी अडवलेल्या वाटेवर
हिवाळाभर तिनं दुसरं काय केलं होतं?

पास.
‘एल’ सोलायला गेली तर निघेना,
चिकटपट्टी गोठलेली.
असू दे, म्हणाली,
घरापर्यंत शिकाऊच जाऊ.