वाव

इंगवलेबाईंनी खुर्ची जवळ ओढली.
"आधी ते सगळं वाक्य पूस.
डेटाबेसला प्रश्न कळत नाही गं,
त्याला नुसते शब्द दिसतात,
गव्हातल्या खड्यांसारखे."

मी पुसलं:
बडोद्यातल्या जुन्या विहिरींचं पाणी खारं कधी झालं.

उरलं विहीर. उरलं खारं.
"आता गावाचं नाव. किती आहेत?"
बडोदा, बडोदे, वडोदरा, आणि साहेबाचं बरोडा.
"मध्ये 'किंवा' घाल. 'आणि' घातलंस
तर चारही नावांना ओ देईल
असंच एक पान शोधत बसेल बापडं."

मग चांदणीची खूण.
विही लिहून पुढे ती टाकायची,
म्हणजे पुढचं काहीही चालतं.
निकाल अकरा.

बाई हसल्या.
"विहीर दीर्घ. पण विहिरीत उतरलीस की ऱ्हस्व.
आणखी मागे काप."
विह, चांदणी.
दोनशे चाळीस:
बौद्ध विहार, विहंगम दृश्यं,
आणि लग्नाच्या एका प्रबंधातल्या
सगळ्या विहिणी.

कनुभाई चहा ठेवून गेले.
"मळ्युं के, बेन?"

नाही मिळालं.
आणि तेव्हा सुचलं, की चौतीस वर्षं
प्रत्येक फॉर्मवर मी पत्ता लिहिते
खारीवाव रोड,
आणि इथे मराठीत विहीर शोधते आहे.

वाव, टंकलं.

चार हजार सातशे सहा.

'पुढील संशोधनास वाव आहे.'
'या विषयात भरपूर वाव आहे.'
शेवटचं पान, शेवटचं वाक्य, मग संदर्भसूची.
इतकी माणसं काठावर आली,
आत डोकावली
आणि पदवी घेऊन घरी गेली.

"'नाही' वापरू का? संशोधनास नाही?"
"वापर. पण जपून.
'नाही'ने कामाचंही बाहेर राहतं."

उरले तीन.
पहिल्यात कापडाची जाहिरात.
दुसरा पुन्हा पहिलाच.
तिसरा, कुणा मोजणीदाराच्या वहीचा गोषवारा,
वर्ष अर्धं पुसलेलं:
पायऱ्या बावन्न. पूर्वेच्या भिंतीतून पाझर.
पाणी गोडे.

गोडे.
मी ते तीनदा वाचलं.

खाली लाल अक्षरांत:
संपूर्ण मजकूर उपलब्ध नाही.

बाईंनी खण उघडला,
मागणीपत्राचा कागद काढला, पेन दिलं.
"दुसऱ्या ग्रंथालयातून मागवू. महिना लागेल.
नीट लिही.
आणि गावाची चारही नावं लिही."