नऊ पूर्णांक आठ

जमीर आला तो हेल्मेट न काढताच म्हणाला,
"वाचलंस? नऊ पूर्णांक आठ."

आमच्या सांगलीत नुसता आकडा सांगितला
की माणूस आधी आयर्विन पुलाकडं बघतो.
मीही खिडकीतून पाहिलं.
विश्रामबागेतून पूल दिसत नाही, आणि महिना मार्चचा.
दिसलं ते खालच्या भडंगवाल्याचं छप्पर,
त्यावर वाळत घातलेला लसूण.
"फूट?"
"दहापैकी. जगातली सगळी सर्व्हरं गळ्यापर्यंत."

म्हणजे झालं असं
की कुठल्याशा गावी एक गृहस्थ,
रात्री पोरं झोपल्यावर, फुकट,
तारखा वाचणारा दोनशे ओळींचा तुकडा सांभाळत होता
आणि त्यावर उभ्या होत्या बँका, विमानं, दवाखाने,
एका कंपनीचा तर म्हणे हुशार फ्रीजसुद्धा.
तीन वर्षांपूर्वी त्यानं लिहून ठेवलेलं:
थकलोय. कुणीतरी हात द्या.
खाली अठराशे अंगठे.
हात एकही नाही.

आम्ही हसलो. या धंद्यात हसू आधी येतं,
घाम नंतर.
सन्मती म्हणाला, "निवेदन आलं बघा,
ग्राहकांची सुरक्षितता आम्हांला सर्वोच्च.
सर्वोच्च म्हणजे माळ्यावर. हात पोचत नाही तिथं."
जमीरनं पुढचं वाचलं, "अत्यंत प्रगत हल्ला.
आणि पासवर्ड काय, तर कंपनीचं नाव, एक दोन तीन."

मग थोडा वेळ तिघंही गप्प,
कारण मार्केट यार्डात मगदूमांच्या पेढीवर
कॅलेंडरात, गॅस आल्याच्या तारखेशेजारी,
पेनानं लिहिलंय: हळद, एक दोन तीन.
वर पिवळ्या अंगठ्याचा ठसा.
ही आमची दुहेरी पडताळणी.

"आपल्यात नसंल ना ते?"
कुणीतरी विचारायला हवंच होतं.
शोधलं. एक ओळ सापडली,
वजनकाट्याच्या प्रोग्रॅममध्ये, नऊ वर्षांपूर्वीची,
वर शेरा: तात्पुरतं आहे, नंतर बघू.
लिहिणाऱ्याचं नाव माझं, माहेरच्या आडनावासकट.
"ती दुसरी बाई असंल," जमीर म्हणाला.

मगदूमांना फोन लावला.
"काका, काटा दोन तास बंद ठेवावा लागेल. भोक सापडलंय."
"नऊ वर्षं काय गळलं का त्यातनं?"
"नाही बहुतेक."
"मग सौदा उरकू दे की."

संध्याकाळपर्यंत पोत्यावर बसून राहिले.
हमाल परखी खुपसून पोत्यातली हळद काढत होता,
व्यापारी मोडून बघत, नाक मुरडत.
परखी निघाली की हमाल भोकावरनं तळवा फिरवी,
तागाचा विणा पुन्हा जागेवर.
दिवसाला पाचशे भोकं,
एकाचंही निवेदन नाही.

अकरा वाजता नवा तुकडा चढला.
तपासायला मीच काट्यावर उभी राहिले.
पावती आली:
राजापुरी, एक नग, अठ्ठावन्न किलो,
भाव शून्य.
सन्मतीनं ती फाईलला लावली.

परतताना जमीर दुसरी बातमी सांगत होता,
आता म्हणे प्रोग्रॅम यंत्रच लिहिणार,
आपण घरी.
"लिहू दे," मी म्हटलं,
"पण आधी मगदूम काकांचा फोन उचलू दे."

घरी येऊन त्या गृहस्थाचं पान उघडलं.
लिहिलं, मी सांगलीची, रविवारी दोन तास देऊ शकते.
मग आठवलं, या रविवारी बारसं आहे.
पुढच्या रविवारी मार्च अखेर.
ओळ खोडली.
अंगठा दाबला.
पडद्यावर पिवळं उमटलं थोडं,
ते पदरानं पुसलं.