मागची चाकं

डिस्कचा सेट तीन दिवस खोक्यातच आहे.
आडगाव नाक्यापुढे तस्लीम पिंजारीचं गॅरेज,
तिथल्या बाकावर खोकं,
खोक्यावर चहाचा ग्लास,
ग्लासाच्या बुडाचं ओलं वळं
बरोबर किमतीच्या आकड्यावर.

"काका, बसवू की परत पाठवू?"
ती रोज विचारते, पान्यानं पाठ खाजवत.

गाडी बेडफर्ड, चौसष्टची.
भंगारवाल्याकडून मी ती सोडवली
तेव्हा बॉनेटमध्ये मांजर व्यालेलं.
त्र्याहत्तर साली मी हिच्यावर क्लीनर होतो,
तेरा वर्षांचा, आणि माझ्याकडे
एकच हत्यार: बाभळीची उटी.
चढावर गाडी थांबली की उडी टाकायची,
मागच्या चाकाखाली उटी सारायची
आणि ओरडायचं, लागलीऽ!
मगच दौलत वस्ताद पाय उचलायचे.

वस्ताद म्हणायचे,
पुढचं चाक गाडी थांबवतं,
मागचं चाक गाडी राखतं.
वस्ताद असं पुष्कळ बोलायचे.
त्यातलं निम्मं ताडीचं.

तस्लीमनं ड्रम उतरवला.
आत काळी भुकटी, खरवडलेले लायनर,
एका व्हील सिलिंडरला पाझर.
तिनं आतून माप घेतलं, पुन्हा घेतलं,
"दोनदा लेथवर गेलाय. अजून एक कट बसेल.
मग संपलं."

मी विचारलं, तू काय करशील?
ती जमिनीवर बसली, हात पुसले.
"डिस्क तापली तरी उघड्यावर असते, वारा लागतो.
ड्रम तापला की फुगतो,
आणि पाय खाली जातो, जातच राहतो.
पण तुमची गाडी रिकामी पळणार, मागून हलकी.
मागे ब्रेक जास्त झाला
तर मागचीच चाकं आधी अडकतील,
शेपूट पुढं यायला बघेल.
शिवाय हँडब्रेक ड्रममध्येच आहे, काका.
हा सेट बसवला तर त्याची वेगळी सोय करा."

पाय खाली जातो, जातच राहतो.
हे तिनं शिकून सांगितलं.
मला माहीत आहे.
राहुड घाट, सुताचे गठ्ठे मालेगावला चाललेले,
जळक्या लायनरचा वास केबिनमध्ये,
आणि वस्ताद अचानक गप्प.
असे गप्प मी त्यांना कधी पाहिले नव्हते.
दुसरा गिअर किंचाळला.
मी उटी घेऊन चालत्या गाडीतून उतरलो,
पळालो, टाकली.
चाक तिच्यावरून गेलं. बाभूळ उभी चिरली.
गाडी थांबली ती खडीच्या ढिगात.
वस्तादांनी आधी बिडी पेटवली,
मग माझ्या मुस्काटात मारली,
मग जवळ घेतलं.

तेव्हा जुनं ते सोनं वगैरे
मला कोणी सांगू नये.

तरी काल रात्री हिशेब मांडला.
लग्नाची वरात, रविवारी गंगापूरचं धरण,
नातवंडं फाळक्याला लटकलेली.
गठ्ठे नाहीत. राहुड नाही.
ओझं कसलं वाहायचंय आता हिला?
माझंच.

सकाळी म्हणालो, मागे ड्रमच राहू दे,
शेवटचा कट मार, लायनर नवे घाल.
डिस्क पुढच्या चाकांना.
"हा सेट पुढे बसायचा नाही."
मग परत पाठव.
"वाहतूक खर्च तुमचा."
माझा.

रविवारी गाडी रामशेजकडे काढली.
थंडी इतकी की तस्लीमनं हेल्मेटची टोपीच केलेली.
आशेवाडीच्या चढावर तिनं ब्रेक दाबला,
हँडब्रेक ओढला, माझ्याकडे बघितलं.
मी उतरलो. उडी नाही,
आधी डावा पाय, मग दांडा धरून उजवा.
सीटखालून नवी उटी काढली, वाकलो,
गुडघा बोलला, त्याला बोलू दिलं.

ती पाय दाबून बसून होती.
तिला कोणी सांगितलं नव्हतं.

लागलीऽ, मी ओरडलो.

पाय उचलला. गाडी चार बोटं मागे आली
आणि राहिली.
हँडब्रेकवर राहिली की उटीवर,
ते बघायला मी पुन्हा वाकलो नाही.