दुसरं टोक

कुंदा रत्नागिरीला, गुडघ्याच्या ऑपरेशनला.
तिथून फोनवर सांगते :
ड्रम अर्धाच भरा, कोंबलेत की चुरगळलेच.
बटण ‘नाजूक’वर. पिळणं चारशेच्या वर नको.
आणि शिट्टी झाली की लगेच काढा हो,
पडून राहिलं की घडी बसते, मग जात नाही.
हे शेवटचं ती कपड्यांबद्दलच बोलली असावी.

मी लिहून घेतलं
वहीत, नारळांच्या हिशेबाखाली.

शर्ट बरे निघाले.
दोनदा झटकून उलटे टांगले.
अंजर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात दमट राहिले,
पण सुरकुती नाही.

तिची निळी सुती साडी मात्र
मशीनला द्यायची नाही,
हाताने धुवायची, ताणून वाळत घालायची.
ताणायला दोघं लागतात
हे ती बोलली नाही.
एरवी दुसरं टोक माझ्या हातात,
नजर पेपरात,
आणि ती : अहो, ओढा की जरा!

आज ते टोक पोफळीला बांधलं,
तिच्या जागी उभं राहून ओढलं.
पोफळ किंचित वाकली, पण धरून राहिली.
माझ्याहून बरी.

रात्री तिला सांगितलं.
थोडा वेळ काहीच नाही, मग :
बांधलंत ते पदराचं की निऱ्यांचं?

थांब, म्हटलं,
बॅटरी घेऊन बघून येतो.